पहिलटकरणीसाठी: कळा किती दुखतात, कुठे दुखतात आणि त्यावर काय करता येतं

जास्वंद

पहिल्या बाळंतपणाची वाट बघणाऱ्या मुलीने "किती दुखतं?" असं विचारलं की घरात दोनच उत्तरं मिळतात. "काही नाही गं, सगळ्याच बायका बाळंत होतात", नाहीतर "बाई गं, दुसरा जन्मच तो!" दोन्हींतून तिच्या हाती काही लागत नाही. कळ कुठून निघते, किती वेळ टिकते, धीर नेमका कधी सुटतो, दुखणं कमी करायला काय मिळू शकतं आणि ते आधी कसं ठरवून ठेवायचं, हे तिला कळायला हवं.

इथे प्रसूतिकक्षात काम करणारे, भूलतज्ज्ञ, फिजिओ असे बरेच सभासद आहेत, म्हणून हा धागा. एक विनंती. स्वतःच्या बाळंतपणाच्या आठवणींसाठी वेगळा धागा आहे, इथे फक्त माहिती द्या, आकड्यांसकट आणि कारणांसकट. ज्यांना विचारायचंय त्यांनी निःसंकोच विचारा.

पहिला प्रश्न माझाच: खऱ्या कळा ओळखायच्या कशा आणि घरातून निघायचं कधी?

कोयनाकाठ

खोट्या कळांत पोट आवळतं, टणक होतं, पण त्यांना ताल नसतो. एक दहा मिनिटांनी, पुढची पंचवीस मिनिटांनी. कूस बदलली, थोडं चाललं, दोन भांडी पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं की त्या विरतात. खरी कळ बहुतेकींना कमरेतून निघून ओटीपोटाकडे येते, काहींना मांड्यांत उतरते, आणि चाललं-फिरलं तरी जात नाही. अंतर कमी होतंय, प्रत्येक कळ लांबतेय आणि जोर वाढतोय, या तिन्ही गोष्टी एकत्र होत असतील तर कळा खऱ्या.

अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजा. बऱ्याच जणी कळ संपल्यापासून मोजतात आणि मग फोनवर सिस्टरला चुकीचा आकडा सांगितला जातो.

पहिल्या खेपेला दर ५ मिनिटांनी कळ, ती ४५ ते ६० सेकंद टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघावं. दवाखाना तासाभराहून लांब असेल, घाट उतरायचा असेल, पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्याला पाणी येत असेल तर ७-८ मिनिटांवरच निघा. चिकट, रक्ताची छटा असलेला स्राव अंगावरून गेला म्हणून धावायची गरज नसते. त्यानंतर कळा सुरू व्हायला काही तास लागतील किंवा दोन-तीन दिवसही जातील.

आता टप्पे. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं म्हणजे १० सेंटिमीटर. ५ सेंटिमीटरपर्यंतचा काळ संथ असतो आणि पहिलटकरणीत तो दिवसभर किंवा त्याहूनही जास्त चालू शकतो. हे आधी माहीत नसलं की मुली तिथेच थकतात. रात्रभर जागून कळा मोजत बसतात, काही खात नाहीत, आणि खरी मेहनत सुरू होते तेव्हा अंगात त्राण नसतं. या काळात झोप लागत असेल तर झोपा, मऊ भात-वरण खा, कोमट पाण्याने अंघोळ करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जोमाचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरतात. तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या बाळंतपणात साधारण १२ तासांपर्यंत लागू शकतात. दहा मिनिटांत तीन ते चार कळा, प्रत्येक ४० ते ६० सेकंदांची. ८ ते १० सेंटिमीटरचा शेवटचा भाग सर्वांत कठीण. अंग थरथरतं, उलटी होते, कधी घाम तर कधी थंडी. "मला नाही जमणार, सिझर करा" हे वाक्य बहुतेक इथेच ऐकू येतं. नातेवाइकांना वाटतं काहीतरी बिघडलं. प्रत्यक्षात, आई-बाळ ठीक असतील तर हे बाळ जवळ आल्याचं लक्षण आहे. त्या वेळी तिला रागावू नये, खोटी आशाही दाखवू नये. "तोंड एवढं उघडलंय, एवढं उरलंय" हे नेमकं सांगावं.

एक हिशेब मी सगळ्यांना सांगते. जोमाच्या टप्प्यात दर ३ मिनिटांनी ६० सेकंदांची कळ धरली तर तासात दुखणं २० मिनिटं आणि उसंत ४० मिनिटं. एरवी सगळं ठीक असेल तर कळ ओसरल्यावर दुखणं जवळजवळ पूर्ण थांबतं. मधल्या वेळात खांदे सैल सोडून डोळे मिटणं जिला जमलं, तिची निम्मी शक्ती वाचते. याच्या उलट, दोन कळांच्या मध्येही पोट लाकडासारखं कडक राहत असेल, दुखणं अजिबात थांबत नसेल, तर वाट बघू नका. वार (बाळाला रक्त पुरवणारी, प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटत असण्याची शक्यता असते आणि तेव्हा रक्त बाहेर दिसलंच पाहिजे असं नाही.

सोनसळी

पाणमोट फुटली पण कळा नाहीत, तर? आणि पाणी आहे की लघवी हे कसं ओळखू?

कोयनाकाठ

सोनसळी, स्वच्छ पॅड लावा, थोडं चाला, अर्ध्या तासाने बघा. लघवीला वास आणि पिवळेपणा असतो, ती आवळून थांबवता येते. पाणमोटीचं पाणी थांबवता येत नाही, उठता-बसताना पुन्हा येतं, बहुधा रंगहीन असतं. वेळ लिहून ठेवा, कारण पाणी जाऊन १८ तास उलटले की संसर्गाची काळजी वाढते आणि प्रतिजैविक सुरू करतात. कळा नसल्या तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचंच.

पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल (बाळाने आतच शी केलेली असते), दुर्गंधी येत असेल, ३७ आठवडे भरले नसतील, बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर तडक निघा. पाण्याबरोबर नाळेचा वेढा बाहेर आल्यासारखा हाताला लागला तर गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून राहा आणि १०८ ला फोन करायला सांगा. नाळ आत ढकलू नका.

बाळाची हालचाल कमी वाटणं, ताज्या रक्ताचा स्राव, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, १४०/९० किंवा जास्त रक्तदाब, ताप, यांतलं काहीही असेल तर कळा मोजत बसू नका.

मोगरा_फुलला

"कमरेतच दुखतं, पोटात नाही" असं काही जणी सांगतात. ते का?

वारणाकाठची_फिजिओ

पहिल्या टप्प्यातलं दुखणं गर्भाशयाचे स्नायू आवळल्याने आणि तोंड ताणल्याने होतं. त्या भागाच्या नसा मणक्यात छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या पातळीवर शिरतात, आणि पाठीच्या, ओटीपोटाच्या त्वचेच्या नसाही तिथेच येतात. म्हणून दुखणं बोट ठेवून दाखवता येत नाही, कमरेत, कुशीत, मांडीत पसरतं. बाळ बाहेर येताना मात्र दुखणं योनी आणि बैठकीच्या भागात, अगदी नेमकं, ताण आणि जळजळीसारखं असतं. ते माकडहाडाजवळच्या वेगळ्या नसांतून जातं. म्हणून एकच उपाय दोन्ही टप्प्यांना सारखा पुरत नाही.

फक्त कमरेत, आणि कळ गेल्यावरही उरणारी ठसठस असेल तर अनेकदा बाळाचं डोकं खाली असतं पण तोंड आईच्या पोटाकडे असतं. डोक्याचा मागचा कठीण भाग आईच्या माकडहाडावर दाबतो. अशी बाळं बहुतेक वेळा कळांमध्ये आपोआप वळतात, पण वेळ जास्त लागतो.

यावर काय करायचं:

सोबतच्या व्यक्तीने तळहाताचा मनगटाकडचा भाग कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर ठेवून कळ सुरू झाल्यापासून ओसरेपर्यंत सलग, जोरात दाबायचं. हलकं चोळणं या वेळी उपयोगाचं नाही, उलट चीड येते. दाब इतका लागतो की दाबणाऱ्याचे हात भरून येतात, म्हणून कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन टाकावं. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही नितंबांच्या बाजूंवर तळवे ठेवून आत आणि किंचित वर दाबणं. दोन्ही नवव्या महिन्यात घरी करून बघा, म्हणजे ऐनवेळी "इथे नाही, खाली" असं सांगत बसावं लागत नाही.

ओणवं राहणं, पलंगाच्या कडेवर हात टेकून कंबर हलवणं, मोठ्या चेंडूवर बसून गोल फिरणं. उताणं पडून राहणं सगळ्यांत वाईट, कारण गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडून आईचा रक्तदाब आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. पडायचंच असेल तर डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी.

लघवी दर दोन तासांनी, लागली नाही तरी. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं आणि कळही जास्त दुखते.

श्वास: नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा मोजेपर्यंत बाहेर, जबडा सैल. भराभर श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. तसं झालं तर ओंजळीत श्वास सोडा आणि बाहेरचा श्वास लांबवा.

सोनसळी

एपिड्युरलबद्दल, म्हणजे कळा दुखू नयेत म्हणून पाठीतून देतात त्या औषधाबद्दल, कोणी नीट सांगेल का? घरी सगळे म्हणतात, आयुष्यभर कंबर दुखते.

भूलभुलैया

भूलतज्ज्ञ आहे, सविस्तर लिहितो.

कमरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून, मज्जारज्जू संपतो त्याच्या खालच्या पातळीवर, एक बारीक नळी पाठीच्या कण्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत सरकवतात. सुई काढून घेतात, नळी राहते, ती पाठीवर चिकटपट्टीने लावतात. त्यातून बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं अगदी सौम्य द्रावण, साधारण ०.०६२५ ते ०.१ टक्का, आणि त्यात थोडं फेंटानिल हे वेदनाशामक, पंपाने किंवा ठरावीक अंतराने देतात. आधी हाताला सलाइन, रक्तदाब, प्लेटलेट्सचा रिपोर्ट. बसून हनुवटी छातीला, पाठ बाहेर फुगवून, दोन कळांच्या मधल्या वेळात न हलता राहावं लागतं. त्वचा बधिर करण्याच्या इंजेक्शनची चुणचुण होते, पुढे फक्त दाब जाणवतो. नळी बसायला दहा-पंधरा मिनिटं, परिणाम दिसायला आणखी १५ ते २० मिनिटं. म्हणजे मागितल्यापासून आराम मिळेपर्यंत पाऊण तास धरा, आणि त्याच हिशेबाने आधी मागा.

अमुक सेंटिमीटर झाल्याशिवाय देता येत नाही, असा आता नियम नाही. कळा खऱ्या असतील आणि तिला हवी असेल तर एवढं पुरेसं आहे. बाळ अगदी बाहेर यायच्या बेतात असेल तर मात्र वेळ उरत नाही.

काय बिघडू शकतं तेही सांगतो. रक्तदाब उतरतो, म्हणून पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी मोजतात. खाज सुटते, थंडी वाजते, क्वचित ताप येतो. लघवीची जाणीव जाते, लघवीसाठी वेगळी नळी घालावी लागते. दर आठ-दहा जणींत एकीला एका बाजूला किंवा एखाद्या पट्ट्यात दुखणं उरतं. अशा वेळी नळी थोडी मागे ओढतात, कूस बदलतात, नाही जमलं तर नवी घालतात. त्यामुळे "दिलंय, आता गप्प पडा" हे उत्तर ऐकून घेऊ नका, परत बोलवा. साधारण शंभरात एकीला सुई आवरणापलीकडे गेल्याने नंतर डोकं दुखतं. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. त्यावर उपचार आहे, अंगावर काढू नका.

कंबरदुखीबद्दल: टोचलेल्या जागी काही दिवस हुळहुळतं, तेवढंच. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) दीर्घकाळच्या पाठदुखीशी संबंध आढळला नाही, आणि सिझरचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही. बाळंतपणानंतरची कंबर दुखते ती सैलावलेल्या सांध्यांमुळे, अशक्त पोटामुळे आणि बाळाला वाकून पाजण्यामुळे, एपिड्युरल न घेतलेल्यांचीही. बाळ बाहेर ढकलायचा टप्पा थोडा लांबतो, हे खरं आहे.

प्लेटलेट्स फार कमी, रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन नुकतंच घेतलेलं, टोचायच्या जागी संसर्ग, अशा स्थितीत देत नाहीत. हेपारिनसारखी इंजेक्शनं चालू असतील तर शेवटच्या डोसची वेळ पाठ असू द्या, कारण डोसाप्रमाणे १२ किंवा २४ तास थांबावं लागतं.

आणि सातव्या महिन्यातच दवाखान्यात विचारा: भूलतज्ज्ञ रात्री आणि रविवारी येतात का? आले तर पूर्ण वेळ थांबतात की नळी घालून जातात? खर्च पॅकेजमध्ये आहे की वेगळा? "आमच्याकडे एपिड्युरल मिळतं" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

रेवा_ताई

एपिड्युरल सगळीकडे नाही, तालुक्याच्या ठिकाणी तर बहुधा नाहीच. तिथे ट्रामाडॉल किंवा पेंटाझोसिनसारखं इंजेक्शन मिळतं. दुखणं पूर्ण जात नाही, धार बोथट होते, गुंगी येते, मळमळ होते. बाळ जन्मण्याच्या अगदी आधी दिलं तर बाळही सुस्त राहतं, म्हणून वेळ सिस्टर-डॉक्टर ठरवतात. ड्रोटाव्हेरिनचं इंजेक्शन देतात ते गर्भाशयाचं तोंड उघडायला मदत व्हावी म्हणून, त्याला वेदनाशामक समजू नका.

टेम्सकिनारी

इंग्लंडमधल्या मराठी मुलींसाठी. इथे बाळंतपण मुख्यतः मिडवाइफ (सुईण) करते, गुंतागुंत असेल तरच डॉक्टर येतात. आयांना हे विचित्र वाटतं, पण मिडवाइफ पूर्ण प्रशिक्षित असते. दहा मिनिटांत तीन कळा होईपर्यंत फोनवर "घरीच थांबा" सांगतात, त्याने घाबरू नका. मात्र पाणी गेलं, रक्त गेलं, हालचाल कमी झाली तर तसं स्पष्ट सांगा, लगेच बोलावतात.

गॅस जवळजवळ सगळीकडे मिळतो. निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. तो चढायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, म्हणून कळ चढेपर्यंत थांबलं की गॅसचा जोर कळ ओसरल्यावर येतो आणि "याचा काही उपयोग नाही" असं वाटतं. कळेची पहिली चाहूल लागताच तोंडात नळी धरून खोल, संथ श्वास सुरू करायचा, शिखर गेलं की सोडायचं. नळी स्वतःच धरायची असते, दुसऱ्याने धरू नये. डोकं हलकं झालं की हात आपोआप सुटतो आणि जास्त गॅस जात नाही.

कोमट पाण्याच्या टबात बसायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. पहिल्या टप्प्यात त्याने दुखणं सुसह्य होतं. इंग्रजीत बोलणं जड जाणार असेल तर दुभाषा आधीच मागून ठेवा, तो मोफत असतो.

मोगरा_फुलला

सलाइनमधून कळा वाढवायचं औषध दिलं की जास्त दुखतं असं ऐकलंय.

कोयनाकाठ

मोगरा, बऱ्याच अंशी खरं. आपोआप आलेल्या कळा हळूहळू चढतात, शरीराला सवय होत जाते. ऑक्सिटोसिनच्या ड्रिपने त्या तुलनेने लवकर जोरात आणि जवळजवळ येतात. म्हणून ती थेंबांच्या मोजमापानेच सुरू करतात आणि दर अर्ध्या तासाने गरजेप्रमाणेच वाढवतात. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा यायला लागल्या तर ड्रिप कमी किंवा बंद करावी लागते, कारण दोन कळांमध्ये बाळाला श्वास घ्यायला, म्हणजे वारेतून रक्त मिळायला, वेळच उरत नाही. सोबतच्या व्यक्तीने कळा मोजाव्यात आणि पाचाच्या वर गेल्या की सिस्टरना सांगावं. हा आगाऊपणा नाही.

"दर तासाला एक सेंटिमीटर" हा जुना मापदंड १९५० च्या दशकातल्या फ्रिडमन यांच्या आलेखातून आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आता तो सरसकट लावू नका म्हणते. आई आणि बाळ दोघं ठीक असताना केवळ वेग कमी म्हणून घाई नको. ड्रिप लावताना "कशासाठी, आत्ता किती सेंटिमीटर, बाळाचे ठोके कसे आहेत" एवढं विचारलंच पाहिजे.

कळा मुद्दाम सुरू करायच्या असतील (४१ आठवडे उलटले, रक्तदाब, मधुमेह वगैरे) तर आधी तोंड मऊ करायला जेल, गोळी किंवा फुग्याची नळी. पहिल्या खेपेला यात २४ तास सहज जातात. नातेवाइकांनी "काल दाखल केलं, अजून काही नाही" म्हणून गोंधळ घालू नये.

पाणकळा

सरकारी रुग्णालयाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, गरजेचं रक्त, घरून आणणं आणि परत सोडणं मोफत आहे. जेवणही: साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझरला ७ दिवस. गाडीसाठी १०२, तातडीची वेळ असेल तर १०८. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँक पासबुक, रक्तगट आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं.

प्रसूतिकक्षात सोबत एक बाई राहू शकते. केंद्रीय आरोग्य खात्याने २०१६ मध्ये तशी परवानगी दिली आणि प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीचा मुद्दा आहे. कक्षात पडदे, आडोसा असेल तर नवऱ्यालाही राहता येतं. बऱ्याच ठिकाणी हे सांगत नाहीत, विचारावं लागतं. दुखण्यावर सोबतीचा परिणाम खरा आहे. सतत एक माणूस जवळ असलेल्या बायकांना वेदनाशामक कमी लागतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. सोबत कोणाला न्यायचं हे मात्र बाळंतिणीनेच ठरवावं. घाबरवणारी, रडणारी व्यक्ती नको, नात्याने कितीही जवळची असली तरी.

ओरडली म्हणून कुणी चापट मारली, अपमान केला तर ते चूक आहे. त्यात "पद्धत" वगैरे काही नाही. तक्रार करता येते, करावी.

सोनसळी

धन्यवाद, पाणकळा! सासूबाई म्हणतात नववा लागला की रोज वाटीभर तूप आणि शेवटी एरंडेल.

रेवा_ताई

तूप पोटात जातं, योनिमार्गात नाही. त्याने वाट निसरडी होत नाही, वजन तेवढं वाढतं. जेवणात नेहमीचं चमचाभर असू द्या. एरंडेल अजिबात नको: जुलाब, पोटात मुरडा, अंगातलं पाणी कमी होतं आणि नेमकं कळांच्या वेळी गळाठा येतो. सासूबाईंना "डॉक्टरांनी बंद सांगितलंय" म्हणा, वाद वाढत नाही.

कळांमध्ये पाणी, नारळपाणी, सरबत, पेज चालते, डॉक्टरांनी काही कारणाने उपाशी ठेवलं नसेल तर. एनिमा आणि सरसकट केस काढणं यांचीही आता शिफारस नाही.

वारणाकाठची_फिजिओ

घरच्या तयारीत एकच गोष्ट मी ठासून सांगेन. ३५व्या आठवड्यापासून आठवड्यात एक-दोनदा योनीच्या खालच्या भागाला तेलाने मसाज. स्वच्छ हात, कापलेली नखं, साधं खोबरेल तेल. अंगठे तीन-चार सेंटिमीटर आत ठेवून खाली आणि बाजूंना, किंचित जळजळ होईपर्यंत ताण, पाच मिनिटं. पहिलटकरणींत टाक्यांची गरज याने काही प्रमाणात कमी होते. पाणी गेलेलं असेल, रक्तस्राव किंवा संसर्ग असेल, वार खाली असेल तर करू नये.

कोयनाकाठ

आता बाळ बाहेर ढकलण्याचा टप्पा. पहिल्या खेपेला ३ तासांपर्यंत चालू शकतो. यात दुखण्याचं रूप बदलतं. शी लागल्यासारखा प्रचंड दाब येतो, आणि अनेक जणींना "आता निदान काहीतरी करता येतंय" म्हणून हा टप्पा सोपा वाटतो. ढकलताना थोडी शी होतेच, सिस्टर पुसून टाकतात, त्यासाठी जोर आवरून धरू नका.

तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर करू नये. डोकं आणि हाड यांच्यामध्ये गर्भाशयाचं तोंड चेपून सुजतं, मग उघडायला आणखी वेळ लागतो. तोपर्यंत कूस बदलून, फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत कळ जाऊ द्या. नंतर आतून जोर येईल तसा द्या, हनुवटी छातीकडे, जोर घशात नाही तर खाली. प्रत्येक कळेला चेहरा लाल होईपर्यंत श्वास कोंडायची सक्ती नाही. एपिड्युरलमुळे जोर जाणवत नसेल तर सिस्टर कळ बघून सांगतात.

डोकं दिसायला लागलं की गोलाकार, चटका बसल्यासारखी जळजळ होते. ती मिनिट-दोन मिनिटांची. इथे जोर थांबवून हा-हा-हा असे छोटे श्वास घ्यायचे. डोकं सावकाश आलं की फाटणं कमी. सिस्टर किंवा डॉक्टरांनी कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड त्या जागी धरलं तर मोठ्या जखमा कमी होतात. आधी सांगून ठेवा, खर्च काहीच नाही.

बहुतेक पहिलटकरणींना थोडंफार फाटतंच, त्यातलं बरचसं वरवरचं किंवा स्नायूंपर्यंतचं. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी जखम ब्रिटनच्या आकडेवारीत पहिलटकरणींत शंभरात सुमारे सहा जणींना होते. ती लगेच ओळखून शस्त्रक्रियागृहात शिवावी लागते. वाट मोठी करायला सरसकट प्रत्येक पहिलटकरणीला योनीमुखाशी छेद घेणं आता योग्य मानत नाहीत. बाळाचे ठोके उतरले, बाळ बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम लावायचा असेल तर कारण असतं. छेद आणि टाके, दोन्हींच्या आधी जागा बधिर करायलाच हवी. टाके घालताना टोचत असेल तर सांगा, आणखी औषध देता येतं.

आणि पोटावर कोपराने किंवा हाताने दाबून बाळ खाली ढकलणं. अजूनही होतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस याच्या विरोधात आहे. बरगड्यांना, गर्भाशयाला आणि बाळाला इजा होऊ शकते. कोणी करायला लागलं तर सोबतच्या व्यक्तीने थांबवावं.

बाळ आलं की मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची. वार बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत येते, ती कळ सौम्य असते. नंतर पोट दाबून गर्भाशय घट्ट झालंय का बघतात. ते दुखतं, पण रक्तस्राव वेळेत पकडायचा तोच मार्ग आहे, त्याला नको म्हणू नका.

मोगरा_फुलला

सिझर झालं तर दुखत नाही ना मग?

भूलभुलैया

ऑपरेशन चालू असताना दुखत नाही, ओढाताण आणि दाब जाणवतो. काहींना खांद्यात कळ येते, ती पोटातल्या हवेने आणि रक्ताने छाती-पोटामधल्या श्वासपटलाला चिडवल्यामुळे. दुखणं नंतर सुरू होतं: पहिले दोन-तीन दिवस उठताना, खोकताना, हसताना. औषध दुखायला लागल्यावर मागू नका, ठरलेल्या वेळेला घ्या. उठताना सरळ बसायचं नाही. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने उठायचं, खोकताना टाक्यांवर उशी धरायची. पोटातल्या गॅसचं दुखणं अनेकींना टाक्यांपेक्षा जास्त छळतं, त्यावर लवकर चालायला लागणं हाच उपाय.

जास्वंद

घरी आल्यावर टाके आणि दुखणं यांचं काय? गोळ्या घेतल्या तर अंगावरच्या दुधातून बाळाला जातात म्हणून बऱ्याच जणी सोसतात.

रेवा_ताई

सोसू नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही दूध पाजताना चालतात. पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या, दोन डोसांत किमान ६ तास, वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर डोस डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेन जेवणानंतर, दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय नाही.

पहिल्या दिवशी टाक्यांवर कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा मिनिटं. दुसऱ्या दिवसापासून टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा बसायचं, मग कोरडं करायचं. शेगडीचा शेक टाक्यांवर नको, बधिर जागेवर भाजलेलं कळत नाही. धुरी तर बाळाच्या खोलीत नकोच. लघवीला आग होत असेल तर करताना वरून कोमट पाणी ओता. बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाली नाही तर सिस्टरना सांगा. पहिली शी होताना टाके तुटतील ही भीती सगळ्यांना असते. टाके तसे तुटत नाहीत, पण कुंथावं लागू नये म्हणून भरपूर पाणी, पालेभाजी, गरज पडली तर इसबगोल. स्वच्छ पॅड टाक्यांवर समोरून धरून बसलं की धीर येतो. टाके विरघळायला दोन-तीन आठवडे किंवा थोडे जास्त लागतात.

दूध पाजताना ओटीपोटात कळा येतात, ते गर्भाशय आकसल्यामुळे. पहिल्या खेपेला सौम्य असतात, आठवड्याभरात थांबतात. स्राव चार ते सहा आठवडे, लाल रंगावरून तपकिरी आणि मग पांढुरका. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, रक्ताच्या लिंबाएवढ्या किंवा मोठ्या गाठी, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, एका पोटरीत सूज आणि दुखणं, डोकं ठणकून अंधारी येणं, यांतलं काहीही सहा आठवड्यांच्या आत झालं तर माहेरी असा की सासरी, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि दारातच सांगा, "मी बाळंतीण आहे, इतके दिवस झालेत."